८० रुपयांचा पापड आणि पीएच.डी.चा अभ्यास



या पानांवर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणे, ठिबक, साखर उतारा आणि उसाचे बिल यांबद्दल वाचता. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. लहान धंदा मोठा कसा होतो, आणि त्याचा अभ्यास करायला सरकार तरुण मुलामुलींना काही वर्षे पैसे का देते, हा तो विषय.

तो घ्यायला कारण आहे. आपल्या कार्यक्षेत्रातली मुले-मुली आता एम.ए., एम.कॉम.वर थांबत नाहीत. काहीजण पीएच.डी.ला नाव नोंदवतात, परीक्षा देऊन अधिछात्रवृत्ती मिळवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. पुढे वरिष्ठ अधिछात्र झाल्यावर ती ४२,००० होते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. ही रक्कम कानावर आली की पारावर पहिला प्रश्न ठरलेला : "एवढे पैसे कशाबद्दल? नुसतं वाचत बसायला?"

प्रश्न रास्त आहे. पैसा लोकांचा आहे, तेव्हा विचारणा व्हायलाच हवी. पण हवेत उत्तर देण्यापेक्षा एक खरे उदाहरण घेऊ. ते मुंबईत गिरगावात घडले, आणि आपल्यासारख्याच कष्ट करणाऱ्या मालकांचे आहे.

गच्चीवरच्या सात जणी

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवास या वसाहतीतल्या सात गुजराती गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि त्यांनी उडदाचे पापड लाटले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. भांडवल होते ८० रुपये, तेही उसने. ते दिले समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांनी. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. माल गेला जवळच्या भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे. या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ही हकीकत पुन्हा सगळ्या वृत्तपत्रांत आली.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचा माल काढत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा, ती चांगली ठेवा, आणि हिशोब चोख लिहा. हा सल्ला त्यांनी मानला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाचा प्रश्न मिटला. आता बघा, कोणा इंजिनिअरला बोलावले नव्हते. अडचण ज्यांची, उपायही त्यांचाच.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे बायका कामावर, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या वर. १९६२ साली ५ रुपये बक्षीस लावून नाव मागवले आणि 'लिज्जत' हे नाव ठरले. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजार रुपये, म्हणजे पहिल्या वर्षाच्या जवळजवळ २९ पट. आज श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेत ४५ हजारांच्या आसपास भगिनी आहेत आणि शाखा अनेक राज्यांत आहेत.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. भाषणात ती सांगितली की टाळ्याही पडतात. पण टाळ्या पडल्या म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. पापड तर घरोघर लाटतात. त्या काळात मुंबईत अशा किती गच्च्यांवर किती जणींनी पापड वाळत घातले असतील! मग हीच गच्ची का वाढली? अभ्यासकाचे काम इथून सुरू होते.

मळायचे एके ठिकाणी, लाटायचे घरोघर

लिज्जतची रीत नीट पाहिली तर पहिली गोष्ट दिसते ती कामाच्या वाटणीची. पापडाची चव असते पिठात. उडीद, हिंग, मिरी यांचे प्रमाण जरा हलले की पापड बिघडला. म्हणून पीठ शाखेत, एके ठिकाणी, ठरल्या मापाने मळले जाते. लाटणे हे मात्र हाताचे काम. त्याला मोठी जागा लागत नाही, यंत्र लागत नाही. म्हणून भगिनी पहाटे शाखेत येतात, पीठ घेतात, घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. तिथे माल तपासला जातो, वजन होते, लाटणावळ हातात पडते आणि नवे पीठ मिळते. शाखा लांब म्हणून कोणाची अडचण होऊ नये यासाठी मुंबईत संस्थेच्या गाड्या भगिनींची ने-आण करतात.

आता हे आपल्या कारखान्याशी ताडून पाहा. आपला कच्चा माल सभासदाच्या रानात तयार होतो आणि प्रक्रियेसाठी एका ठिकाणी येतो. लिज्जतमध्ये कच्चा माल एका ठिकाणी तयार होतो आणि प्रक्रियेसाठी घरोघर जातो. चाक उलटे फिरते, पण दोन्हीकडे घड्याळ सारखेच कडक. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही तर उतारा घटतो; मळलेले पीठ वेळेत लाटले नाही तर पापड बिघडतो. दोन्हीकडे काटा आणि तपासणी यांवर सगळ्यांचा विश्वास टिकलेला असतो. काट्यावरचा विश्वास उडाला की सभासद दूर गेलाच समजा.

फरक आहे तो वाढीच्या पद्धतीत. आपल्याला वाढायचे तर गाळप क्षमता वाढवावी लागते. १,२५० टनी कारखाना २,५०० टनी करायचा म्हणजे नवे रोलर, नवा बॉयलर, मोठे कर्ज. लिज्जतला वाढायचे तर आणखी एका बाईने पोळपाट मांडला की झाले. शंभर बायकांची शाखा भरली की दुसरीकडे तशीच शाखा काढायची. एक रीत पूर्ण बसवायची आणि ती जशीच्या तशी दुसऱ्यांच्या हाती द्यायची. धंद्याची वाढ म्हणजे नेहमी मोठी इमारत असते असे नाही, हे यातून ध्यानात येते.

आधी रीत, मग पैसा

दुसरी गोष्ट तारखांवरून दिसते. जुलै १९६६ मध्ये लिज्जतची नोंदणी झाली, ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती आपल्यासारखी सहकारी संस्था नव्हे, पण चालते ती सहकाराच्या तत्त्वावर. त्याच वर्षी सप्टेंबरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर यांनी स्वतः लक्ष घातले होते. पुढे ८ लाख रुपये खेळते भांडवल आणि करात सवलत मिळाली.

आता क्रम बघा. ८० रुपयांपासून पावणेदोन लाखांच्या पुढे विक्री गेली तोवर मोठे भांडवल आलेलेच नव्हते. ते आले सात वर्षांनंतर. तोवर पिठाचे माप, तपासणी, रोजची लाटणावळ, हिशोब हे सगळे अंगवळणी पडले होते. आज 'स्टार्टअप'च्या काळात तरुणांना वाटते की आधी पैसा उभा करावा, मग धंद्याची घडी बसेल. कधी तसेही होते. पण घडी नसताना पैसा आला तर तो कुठे जातो, हे आपण सहकारात डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावर जास्त बोलायला नको.

गंमत अशी की लिज्जत सुरू झाली त्याच १९५९ साली एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंचे धंद्यांच्या वाढीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अनुदानावर चाललेल्या संशोधनातून ते तयार झाले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : धंद्याच्या वाढीला लगाम बसतो तो पैशाच्या टंचाईने जितका, तितकाच अनुभवी माणसांच्या टंचाईने. नवा माणूस पैसे देऊन लगेच आणता येतो, पण तो आतल्या कामात मुरायला वेळ लागतो, आणि त्याला शिकवायला जुन्यांचा वेळ खर्ची पडतो. त्यापेक्षा घाईने वाढायला गेले की घडी विस्कटते.

लिज्जतमध्ये कारभार पाहणाऱ्या संचालिका बाहेरून येत नाहीत, पापड लाटणाऱ्या भगिनींतूनच येतात. पेनरोजबाईंचे पुस्तक गिरगावच्या गच्चीवर कोणी वाचले नव्हते, तरी दोघींचे गणित जुळले. अशी जुळणी दिसली की अभ्यासकाला पुढचा प्रश्न सुचतो : हे सगळीकडेच लागू पडते का, की फक्त पापडाला?

जे जमले नाही तेही मोजायचे

आणि इथेच पीएच.डी.च्या पैशाचे उत्तर आहे. यशाची गोष्ट सांगायला पगारी माणूस लागत नाही. अपयशाची गोष्ट मात्र आपणहून कोणी सांगत नाही, ती शोधावी लागते. १९६१ साली लिज्जतने मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला. तो फसला. १९६८ साली गुजरातमध्ये वालोडला शाखा काढली. महाराष्ट्राबाहेरची ती पहिली, आणि ती चालली. जवळच्या उपनगरात जमले नाही आणि लांबच्या गावात जमले, हे कसे? पुढे खाखरा, मसाले, पीठ गिरणी, छपाई, साबण असे नाना उद्योग या संस्थेने केले. आगपेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू यांतही हात घातला, पण ते टिकले नाही. पापडाची रीत अगरबत्तीला का लागली नाही?

या प्रश्नांची उत्तरे एका दिवसाच्या भेटीत मिळत नाहीत. वह्या उघडाव्या लागतात. कोणत्या महिन्यात किती भगिनी आल्या, किती गेल्या, किती माल परत आला, हे वर्षानुवर्षांचे आकडे ओळीने मांडावे लागतात. घरोघर जाऊन विचारावे लागते : लाटणावळ पुरते का? गुडघे, पाठ धरते का? पैसा तुमच्या हातात राहतो का? मालक म्हणून तुमचे कोण ऐकते का? बंद पडलेल्या धंद्यांच्या लोकांना गाठून त्यांचेही ऐकावे लागते. मग प्रबंध लिहायचा, तो बाहेरच्या परीक्षकांनी तपासायचा आणि तोंडी परीक्षेत एकेक वाक्याचा जाब द्यायचा. या काळात त्या मुलीने पोटासाठी दुसरी नोकरी धरली तर अभ्यास होणार नाही. आणि जिचा अभ्यास करायचा त्या संस्थेकडूनच तिने पगार घेतला तर खरे लिहिणे अवघड. म्हणून पैसा तिसऱ्याने, म्हणजे सार्वजनिक तिजोरीने द्यायचा.

गिरणगावची खानावळ

गिरगावातून लालबाग-परळकडे गेले की दुसरे उदाहरण भेटते. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून माणसे गिरण्यांत गेली, तेव्हा बहुतेकांचा संसार गावी आणि जेवण खानावळीत. खोलीत दहा-वीस माणसांना जेवू घालणाऱ्या या बायका किराणा उधारीवर आणत, सावकाराचे व्याज भरत, आणि गिरणीचा पगार झाला की त्यांचे पैसे येत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली, त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांना मिळू लागले. सावकाराचा पाश सैल झाला. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पण १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ज्यांचा पगार थांबला त्यांचे खानावळीचे पैसेही थांबले. कितीतरी जण गावी परतले. खानावळवाल्या बाईच्या हातची चव तीच होती, हिशोब तोच होता, पण गिऱ्हाईकच उरले नाही. मंडळाने पुढे जेवणाच्या बाहेरच्या ऑर्डरी, प्रशिक्षण असे दुसरे मार्ग धरले. लिज्जतचा पापड मात्र गिरणीवर अवलंबून नव्हता, तो दूरवरच्या दुकानांत जात होता. दोघींचे कष्ट सारखे, सचोटी सारखी. फरक पडला बाजाराचा. एकाच गिऱ्हाईकावर विसंबलेला धंदा त्या गिऱ्हाईकाबरोबर बुडतो. आपल्यालाही फक्त साखरेवर विसंबून चालत नाही, म्हणून तर आसवनी आणि सहवीजनिर्मिती आली.

मालकी कोणाकडे राहिली?

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. मुंबईतच १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातून कॅम्लिन उभी राहिली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत उंटाच्या चित्राची कंपासपेटी वापरली असेल. कंपनी वाढत गेली, शेअर बाजारात आली, आणि २०११ साली तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेला. यात वावगे काही नाही. भांडवलाच्या रस्त्याने वाढले की मालकी विकून पुढे जाणे हा त्या रस्त्याचाच भाग आहे.

लिज्जतचा रस्ता निराळा. तिथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी मालक आहे. पुरुष नोकरीत असतात, मालकीत नसतात. देणगी घ्यायची नाही असा नियम आहे. सात जणी मालक होत्या त्या जागी ४५ हजार जणी झाल्या. धंदा वाढला तसे मालकही वाढले. अशी वाढ फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि जगातले अभ्यासक लिज्जतकडे वळतात ते याचसाठी.

सहकारी साखर कारखान्यांबद्दलही हाच प्रश्न विचारला गेला. बी. एस. बाविस्कर हे खानदेशचे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी दिल्ली विद्यापीठात पीएच.डी. केली ती कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्यावर. त्याचे पुस्तक १९८० साली निघाले. कारखाना वाढतो तेव्हा सत्ता कशी वाटली जाते, लहान सभासदाच्या पदरात काय पडते, हे त्यांनी गावात राहून पाहिले. पुढे १९८८ साली कॅनडाचे डोनाल्ड अ‍ॅटवुड यांच्यासह त्यांनी सहकारी संस्थांवर एक ग्रंथ संपादित केला. त्याच्या नावातच विचारले होते : वाटा कोणाला?

आणि संशोधनाला पैसे देण्याच्या व्यवस्थेचा धागाही आपल्याच मळ्यातून निघतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. तेच गाडगीळ १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. सदस्य-सचिव होते आजरा भागातले जे. पी. नाईक. ही परिषद आजही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. काट्यावर ऊस मोजणे आणि समाजाचे व्यवहार मोजणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाला महत्त्वाची वाटली होती.

आपण काय करावे

तेव्हा सभासदांना आमचे सांगणे एवढेच. घरातली मुलगी किंवा मुलगा असा अभ्यास करतो म्हणाला तर "नोकरी कधी लागणार" हे विचाराच, पण "प्रश्न कोणता घेतला" हेही विचारा. गूळ, बेदाणे, दूध, मसाले, रोपवाटिका, बचत गटांचे उद्योग, आपल्या भागात प्रश्नांना तोटा नाही. एकाच वर्षी निघालेल्या दोन बचत गटांपैकी एक का वाढला आणि एक का थांबला, एवढे जरी कोणी नीट शोधून काढले तरी पुढच्या शंभर गटांचे पैसे वाचतील.

आणि कोणी अधिछात्र वही-पेन घेऊन दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावू नका. खरे आकडे सांगा. उसाचे बिल चौदा दिवसांत मिळावे असा नियम आहे. लिज्जतच्या भगिनीला लाटणावळ माल दिला की मिळते. ही तुलना एखाद्याने लिहिली तर ती झोंबेल. झोंबू द्या. जिचे दप्तर उघडे असते ती संस्था चूक वेळेत पाहते. दप्तर झाकून ठेवणाऱ्या संस्थेची चूक शेवटी लिलावाच्या नोटिशीत छापून येते.

गिरगावच्या त्या गच्चीवर पहिल्या दिवसापासून हिशोबाची वही होती, म्हणून पहिल्या वर्षाचे ६,१९६ रुपये आजही सांगता येतात. आपल्या गटांच्या वह्या या आठवड्यात एकदा काढून पाहा. इतक्या वर्षांनी कोणी विचारले तर त्यातून काय सांगता येईल?

जय सहकार!